जवळून दिलेला शेक



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना आवरून मी निघण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आमच्या गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातले गृहस्थ आत आले, दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाले, ‘‘डॉक्टर, माझ्या मेव्हण्याच्या जिभेत सुया खुपसून आत रेडियम ठेवणार हाईत म्हणं. खरं काय? मग तो घरात आल्यावर पोरांनी त्याच्याजवळ जायचं का नाही?’’

प्रश्न साधा होता आणि त्यामागची भीतीही खरी होती. रेडियम म्हटले की आपल्यातल्या जुन्या माणसांना अंधारात चमकणारे घड्याळाचे काटे आठवतात. किरण म्हटले की अणुबॉम्ब आठवतो. आणि कॅन्सर म्हटले की काही आठवायच्या आधीच पोटात गोळा येतो. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात आल्यावर माणूस घाबरला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्या गृहस्थांना त्या रात्री मी जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने तुम्हाला सांगणार आहे. विषय आहे तोंडाच्या कॅन्सरवरील अंतर्गत किरणोपचार, म्हणजेच ब्रॅकीथेरपी.

सुरुवातीलाच एक सांगतो. मी किरणोपचाराचा तज्ज्ञ नाही. हिरण्यकेशीच्या काठी गेली अनेक वर्षे साधी डॉक्टरकी करणारा माणूस आहे. पण तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण आधी तज्ज्ञाकडे जात नाही, तो माझ्यासारख्याकडे येतो. त्यामुळे हा उपचार काय आहे, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे मला कळून घ्यावेच लागले. ते कळायला मला थोडा उशीर झाला. त्याबद्दलही पुढे बोलणार आहे.

आधी उपचाराचे तत्त्व पाहू. आपल्या भागात गुऱ्हाळे आहेत, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. चुलवाणात जळण घालणाऱ्या माणसाला केवढी धग सोसावी लागते ते आपण पाहिले आहे. तोच माणूस दोन पावले मागे सरला की धग एकदम कमी होते आणि चार पावले मागे गेला की सुखाने बिडी ओढत बसतो. किरणांचेही असेच आहे. ठिपक्याएवढ्या स्रोतापासून एक सेंटिमीटरवर जेवढा मारा होतो, त्याच्या चौथा हिस्सा दोन सेंटिमीटरवर होतो आणि तीन सेंटिमीटरवर केवळ नववा हिस्सा. मग किरणांचा स्रोत गाठीच्या आतच नेऊन ठेवला तर? गाठीला भरपूर मारा बसेल आणि आजूबाजूचा निरोगी भाग बराचसा वाचेल. ब्रॅकीथेरपीचे सगळे शास्त्र या एका विचारावर उभे आहे. ‘ब्रॅकी’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘जवळचा’, ‘थोड्या अंतरावरचा’ असा आहे.

आपल्याकडे लोक किरणोपचाराला ‘लाइट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात. नेहमीचा शेक बाहेरून दिला जातो. रुग्ण टेबलावर झोपतो, यंत्र त्याच्याभोवती फिरते आणि किरण कातडीतून आत शिरून गाठीपर्यंत पोहोचतात. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे हे चालते. उपचार चांगला आहे आणि लाखो लोक त्याने वाचले आहेत. पण किरण गाठीपर्यंत जाताना आणि पलीकडे निघताना वाटेतल्या लाळेच्या ग्रंथी, जबड्याचे हाड आणि दात यांनाही थोडाफार प्रसाद देऊन जातात. पुढे तोंड कोरडे पडते ते त्यामुळेच. ब्रॅकीथेरपी हा आतून, जवळून दिलेला शेक आहे.

ही कल्पना आजची नाही. क्युरी पतिपत्नींनी १८९८ साली रेडियम शोधले. पुढच्या दोन-तीन वर्षांत हेन्री बेकरेल या शास्त्रज्ञाने रेडियमची नळी बंडीच्या खिशात ठेवली आणि खिशाखालची कातडी भाजून निघाली. जी वस्तू निरोगी कातडी जाळते ती रोगट कातडीही जाळेल, असा विचार पुढे आला. १९०१ साली पियरे क्युरी यांनी पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील डॉ. दान्लो यांना त्वचारोगावर वापरून पाहण्यासाठी थोडे रेडियम दिले. १९०३ साली एका माणसाने पत्र लिहून सुचवले, की रेडियमचा कण काचेच्या बारीक नळीत बंद करून थेट गाठीच्या मध्यभागी का ठेवू नये? हा माणूस डॉक्टर नव्हता. तो होता टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

पुढे रेडियम भरलेल्या सुया जिभेत, ओठात, गालात टोचून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सुया कशाही टोचून चालत नाही. त्यांच्यात किती अंतर ठेवायचे आणि कुठे किती ताकदीची सुई लावायची, याचे नियम इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या पॅटरसन आणि पार्कर यांनी १९३४ साली घालून दिले. आपल्या महाराष्ट्रात या उपचाराची परंपरा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडलेली आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यानंतर टाटा ट्रस्टने परळला हे रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. मादाम क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रामय्या नायडू तिथे होते. १९६२ साली रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे गेला. रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या किरणांत आहे. ज्या खात्याने अणुभट्टी चालवली, त्याच खात्याने औषध म्हणून वापरायचे किरणोत्सारी पदार्थही पुरवले.

रेडियमच्या सुयांनी रुग्ण बरे होत, पण एक वाईट गोष्ट होती. सुया टोचणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना आणि रुग्णाची सेवा करणाऱ्या नर्सना दररोज किरण बसत. शिवाय रेडियमची ताकद निम्मी व्हायला सुमारे सोळाशे वर्षे लागतात. सुई हरवली वा फुटली तर धोका पिढ्यान्‌पिढ्यांचा. १९५०-६०च्या दशकांत यावर तोड निघाली. आधी नुसत्या पोकळ नळ्या बसवायच्या, त्या नीट बसल्याची खात्री करायची आणि मगच त्यांच्यात किरणांचा स्रोत सरकवायचा. घाई नाही, डॉक्टरच्या बोटांना धोका नाही. रेडियमची जागा इरिडियम-१९२ या पदार्थाने घेतली. त्याची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते.

म्हणजे श्रोतेहो, आमच्या त्या गृहस्थांच्या मनातले ‘रेडियम’ आज वापरातच नाही. शब्द तेवढा मागे राहिला आहे.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. आधी दात तपासतात. किडलेला, हलणारा दात काढायचा असेल तर तो आधीच काढून जखम भरू देतात. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो, ते हाड सडू शकते. मग रुग्णाला भूल देतात. हनुवटीखालच्या कातडीतून बारीक पोकळ सुया वर जिभेत आणतात आणि त्यांच्या वाटेने प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या ओवून घेतात. दोन नळ्यांत साधारण एक ते दीड सेंटिमीटर अंतर असते. नळ्या सरकू नयेत म्हणून टोकाला लहानसे बटण बसवतात. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा हनुवटीखाली नळ्यांची टोके दिसतात. पहिल्यांदा पाहताना नातेवाइकांना हे भयंकर वाटते. पण त्या क्षणी त्या नळ्या रिकाम्या असतात, हे लक्षात ठेवा.

नंतर सीटी स्कॅन काढतात. त्यात नळ्या कुठून कशा गेल्या आहेत ते दिसते. किरणोपचारतज्ज्ञ पडद्यावर गाठीची हद्द आखतो, तर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हिशेब मांडतो, की स्रोताने कोणत्या नळीत, कोणत्या जागी, किती सेकंद थांबायचे. हा भौतिकशास्त्रज्ञ रुग्णाला फारसा दिसत नाही, पण सगळी भिस्त त्याच्या गणितावर असते.

उपचाराची खोली जाड काँक्रीटच्या भिंतींची असते. तिथे एक यंत्र असते. त्याच्या पोटात, जड धातूच्या कवचात इरिडियमचा स्रोत असतो. तो केवढा? तांदळाच्या कणीएवढा, आणि एका लांब बारीक तारेच्या टोकाला जोडलेला. रुग्णाच्या नळ्या यंत्राला जोडतात आणि सगळे बाहेर येतात. बाहेरून कॅमेऱ्यात रुग्ण दिसतो, माइकवरून त्याच्याशी बोलता येते. मग यंत्र आधी एक साधी, बिनकिरणांची तार नळीतून फिरवून रस्ता मोकळा आहे ना ते तपासते. त्यानंतर खरी तार जाते, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबते, परत येते आणि दुसऱ्या नळीत शिरते. काही मिनिटांत काम संपते आणि स्रोत यंत्राच्या पोटात परत जातो. रुग्णाला काही दुखत नाही, भाजत नाही, चटका बसत नाही.

अशा बैठका दिवसातून दोन होतात. त्यांच्यात किमान सहा तासांचे अंतर ठेवतात, कारण तेवढ्या वेळात निरोगी पेशी स्वतःची डागडुजी करून घेतात. नुसत्या ब्रॅकीथेरपीवर भागणार असेल तर साधारण आठवड्याभरात सगळे डोस पूर्ण होतात. जपानमध्ये ओसाका येथील डॉक्टरांनी जिभेच्या कॅन्सरवर, चार ते नऊ दिवस सलग स्रोत ठेवण्याची जुनी पद्धत आणि आठवड्यात दहा डोस देण्याची ही नवी पद्धत यांची तुलना केली आणि दोन्हींनी गाठ जवळपास सारखीच आटोक्यात येते, असे २००१ साली प्रसिद्ध केले.

एक गमतीची गोष्ट सांगतो. एका रुग्णाला मार्चमध्ये सहा मिनिटे शेक दिला आणि त्याच्या शेजाऱ्याला तेवढ्याच शेकासाठी मेअखेरीस बारा मिनिटे लागली, तर त्याला कुणी जास्त दिले असे समजू नये. इरिडियमची ताकद तोवर निम्मी झालेली असते, म्हणून वेळ दुप्पट लागतो. डोस तेवढाच. तीन-चार महिन्यांनी स्रोत बदलतात. हे सगळे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली चालते. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले.

आता त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. पोरांनी मामाजवळ जायचे का? जरूर जायचे. मांडीवर बसायचे. स्रोत यंत्रात परत गेला की रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे. पूर्वीच्या पद्धतीत स्रोत काही दिवस जिभेत राहत असे, तेव्हा त्या दिवसांपुरते रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवत आणि गरोदर बायांना व मुलांना जवळ येऊ देत नसत. तिथून ही भीती पसरली. पण स्रोत काढल्यावर तेव्हाही रुग्ण निर्धोकच असे. कॅन्सरच्या रुग्णाचे ताट-भांडे वेगळे करणारी घरे मी पाहिली आहेत. श्रोतेहो, हा रोग भांड्यातून लागत नाही आणि त्याचा उपचारही लागत नाही.

इतके ऐकल्यावर कुणी म्हणेल, एवढे चांगले आहे तर सगळ्यांनाच हा शेक का देत नाहीत? इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक मावशी माझ्याकडे आल्या. दिवसातून चार वेळा मिश्री लावायच्या. खालच्या हिरडीजवळ, गालाच्या आतल्या बाजूला एक फोड आली होती. त्या म्हणाल्या, ‘‘दात टोचतोय बघा.’’ मी पाहिले. खरेच तिथे एक तुटका दात होता. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या आणि लावायला मलम दिले. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. मी गोळ्या बदलल्या. पुन्हा महिन्याने आल्या. मी म्हटले, मावशी, तिखट कमी खा. अशी माझ्या हातून अडीच महिने गेली. शेवटी गालावर सूज दिसली तेव्हा मी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मुलगा कुठेतरी ऐकून आला होता. त्याने मला विचारले, ‘‘डॉक्टर, ते नळ्या घालून करतात ते आमच्या आईला जमंल का? जबडा कापायला ती तयार न्हाई.’’

ते जमणार नव्हते. गाठ हाडाला जाऊन भिडली होती. किरणांचा स्रोत हाडाला खेटून ठेवला तर हाड मरू शकते. शिवाय रोग हाडात शिरला असेल तर हाडात नळ्या घालता येत नाहीत. मावशींना जबड्याचा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया सांगितली. त्या महिनाभर तयार झाल्या नाहीत. नंतर झाली, बाहेरचा शेकही झाला. त्यानंतर वर्षाच्या आत त्या गेल्या. त्यांच्या मुलाने मला कधी एका शब्दाने दुखावले नाही. आजही बाजारात भेटला तर नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

सांगायचा मुद्दा असा. आपल्याकडच्या लोकांना हा कॅन्सर बहुधा कुठे होतो? जिथे आपण तंबाखूची चिमूट दाबून धरतो तिथे, म्हणजे खालचा ओठ किंवा गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत. ही जागा हाडाला अगदी लागून आहे. त्यामुळे आपल्या बऱ्याच रुग्णांना ब्रॅकीथेरपी चालत नाही. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. हा जवळून दिलेला शेक शोभतो तो ओठाच्या, जिभेच्या पुढच्या मोकळ्या भागाच्या, गालाच्या मधल्या भागाच्या लहान गाठींना. साधारण चार सेंटिमीटरच्या आतली गाठ हवी आणि हाडापासून दूर हवी. जिभेच्या वेळीसुद्धा जबडा वाचवण्यासाठी जीभ आणि हाड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा बसवलेली कवळीसारखी ढाल ठेवतात.

शिवाय तोंडाच्या लहान गाठीसाठीसुद्धा आज बहुतेक ठिकाणी पहिली निवड शस्त्रक्रियेचीच असते. तीही उत्तम असते. ब्रॅकीथेरपी हा तिच्याशी भांडणारा उपचार नाही. काही निवडक रुग्णांत ती शस्त्रक्रियेऐवजी करतात. काहींना बाहेरच्या शेकानंतर उरलेल्या जागी वाढीव डोस म्हणून देतात. काहींमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळीच नळ्या ठेवून, जखम सावरल्यावर शेक देतात. आणि पूर्वी एकदा शेक घेतलेल्या जागी रोग उलटला तर निवडक रुग्णांत पुन्हा किरण देण्याचा हा एक मार्ग असतो.

आणखी एक खरी अडचण. ब्रॅकीथेरपीची यंत्रे आपल्या राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत, पण त्यांचा मुख्य वापर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी होतो. तोंडात नळ्या बसवणे हे हातोटीचे काम आहे. यंत्र असणे वेगळे आणि हात बसलेला डॉक्टर असणे वेगळे. म्हणून रुग्णाने विचारायचा प्रश्न ‘तुमच्याकडे यंत्र आहे का’ हा नाही. ‘तुम्ही तोंडाच्या गाठीसाठी हे नेहमी करता का’ हा आहे. तो विचारण्यात कमीपणा नाही आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

आता दुसऱ्या रुग्णाची गोष्ट. हे आमच्या भागातल्या एका हायस्कुलातले मराठीचे निवृत्त शिक्षक. तंबाखू सोडून दहा वर्षे झाली होती. जिभेच्या कडेला एक जखम झाली, दोन आठवडे झाले तरी भरेना. मावशींची आठवण मनात होतीच. मी गोळी लिहिली नाही, चिठ्ठी लिहिली. आठवड्याभरात तुकड्याचा अहवाल आला. कॅन्सर होता, पण गाठ जेमतेम दोन सेंटिमीटरची. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तज्ज्ञांनी त्यांना दोन्ही मार्ग समजावून सांगितले. शस्त्रक्रियेने जिभेचा तेवढा भाग काढता येईल, बोलण्यात थोडा फरक पडेल. किंवा नळ्यांचा उपचार करता येईल. गुरुजी मला फोनवर म्हणाले, ‘‘डॉक्टर, आयुष्यभर मुलांचे ‘ळ’ आणि ‘ण’ सुधारले. आता माझाच ‘ळ’ जायचा म्हणता!’’ त्यांनी नळ्या पत्करल्या.

पण त्यांना वाटले होते, चला, चाकू टळला. तो टळला नाही. तज्ज्ञांनी सांगितले, जिभेचा शेक जिभेपुरताच. मानेतल्या ग्रंथी मात्र काढाव्या लागतील. गुरुजींच्या घरात यावरून मोठा वाद झाला. मुलगा म्हणाला, मानेत गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, मग बाबांचा गळा का कापायचा? हा प्रश्न वरवर योग्य वाटतो. पण त्याचे उत्तर आपल्या मुंबईतच मिळालेले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या आणि मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले होते. एका गटात मानेतल्या ग्रंथी लगेच काढल्या, दुसऱ्या गटात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले साडेसदुसष्ट टक्के. म्हणजे शंभरात बारा-तेरा माणसांचा फरक. मी गुरुजींच्या मुलाला एवढेच म्हणालो, ‘‘तुझे बाबा त्या बारांतले आहेत की नाहीत हे तुला माहीत नाही आणि मलाही नाही.’’ तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘करू या.’’

एकाच भुलीत मानेच्या ग्रंथी काढल्या आणि जिभेत नळ्या बसवल्या. ग्रंथींत रोग निघाला नाही. आठवडाभर गुरुजी नाकातल्या नळीतून दूध आणि पातळ अन्न घेत होते आणि पाटीवर लिहून बोलत होते. ते म्हणाले, पाटीवर लिहायला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळाले. नळ्या काढल्या आणि ते घरी आले. खरा त्रास पुढे झाला. साधारण दोन आठवड्यांनी जीभ सोलवटल्यासारखी झाली. हे होणारच असते, रुग्णाला ते आधी सांगायला हवे, नाहीतर उपचार उलटला असे वाटून घरचे घाबरतात. मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दुखणे कमी करणारी औषधे, मऊ गार जेवण यावर ते दिवस काढायचे असतात. मिरचीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाला तीन महिने तिखटाचा कणही चालला नाही, हे त्यांना गाठीपेक्षा जास्त लागले.

याला आता चार वर्षे झाली. जिभेच्या कडेला एक फिकट पांढरट डाग आहे. फार बोलले की जीभ थोडी ताठरते. ठरलेल्या तारखेला ते तपासणीला जातात, एकही तारीख चुकवत नाहीत. आणि त्यांचा ‘ळ’ शाबूत आहे.

या दोन रुग्णांत फरक काय होता? नशीब होतेच, गाठीची जागाही वेगळी होती. पण एक फरक माझ्या हातातला होता. तो अडीच महिन्यांचा होता.

खर्चाचे दोन शब्द. आपल्या राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या आणि आता महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपल्याला सांगितलेला उपचार योजनेत बसतो का आणि त्या रुग्णालयात तो होतो का, हे त्याला आधी विचारा. पैशाच्या काळजीने घरी बसू नका, आणि जमीन गहाण टाकण्याआधी एकदा ही चौकशी करा.

जगात तोंडाच्या कॅन्सरचे ओझे सर्वांत जास्त वाहणाऱ्या देशांत आपला देश आहे. दरवर्षी सुमारे एक लाख चाळीस हजार नवे रुग्ण, असा आंतरराष्ट्रीय अंदाज २०२२ सालासाठी दिलेला आहे. आपण तर निपाणीच्या तंबाखूपेठेच्या शेजारी राहतो. तंबाखूने इथे कित्येकांची घरे चालवली, हे मला मान्य आहे. त्याच तंबाखूने किती घरांतले कर्ते माणूस नेले, याचा हिशेब मात्र कुणी वहीत मांडत नाही. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. पण पुडी मिळायची बंद झाली का, हे तुम्हीच मला सांगा.

शेवटी एक काम देतो. आज रात्री आरशासमोर उभे राहा, बॅटरी घ्या. ओठ उलटून पाहा. गाल आतून पाहा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावून तिच्याखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, हाताला लागणारी कडक जागा, कारण नसताना हलणारा दात, तिखट लागताच होणारी आग यांकडे लक्ष द्या. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर तोंड आखडत चालले आहे. केरळात तिरुअनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन एवढेच केले, तोंडात नुसते पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही, फक्त पाहणे.

आणि तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कोणतीही जखम घेऊन डॉक्टरकडे जा. डॉक्टरने पुन्हा गोळ्याच लिहून दिल्या तर त्याला विचारा, ‘‘डॉक्टर, तुकडा तपासायचा का?’’ मावशींनी मला हा प्रश्न विचारला नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तुमचाही तुमच्या डॉक्टरवर असेल. तरीही विचारा.